‘गाठीला लोखंड लावू नका’ : लहान आतड्याबाबत हा सल्ला घातक आहे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय : “लहान आतड्यातल्या साध्या गाठीपर्यंत दुर्बीण पोहोचतच नाही. तुकडा काढला की तिचा कॅन्सर होतो. साधी असेल तर राहू द्या, नाहीतर सरळ पोट उघडा.” हा वाचून कुणी तपासणी रद्द करू नये, म्हणून लिहितोय.

आधी दुर्बीण पोहोचत नाही, हे. जठराची नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच जाते, एवढं खरं. पुढचं काही मीटर आतडं मात्र आता आवाक्याबाहेर नाही. जपानच्या डॉ. हिरोनोरी यामामोतो यांनी 2001 मध्ये दोन फुग्यांची दुर्बीण जगासमोर मांडली. फुगे आळीपाळीने आतडं धरतात आणि परकराच्या नाडीवर नेफा गोळा व्हावा तसं आतडं नळीवर चुण्या घेत गोळा होतं. ही दुर्बीण तोंडातून किंवा गुदद्वारातून घालतात. गिळायची कॅप्सूल मात्र फक्त फोटो काढते, गाठ काढू शकत नाही.

आता तुकडा काढला की कॅन्सर होतो, ही भीती. घडतं ते नेमकं उलट. अ‍ॅडेनोमा प्रकारचा कोंब (आतड्याच्या अस्तरावर उगवणारी गाठ, म्हणजे पॉलिप) तसाच ठेवला, तर काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तर तो काढायचा. कोंबाखाली सुईने निळसर सलाइन सोडतात. पुरी फुगावी तसा तो वर येतो, खालच्या स्नायूच्या थरापासून सुटा होतो. मग तारेचा फास टाकून कापतात. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. सांभाळायचं ते वेगळंच : सपाट कोंबाच्या वारंवार बायोप्स्या घेतल्या तर खाली वण धरतो आणि कोंब नीट उचलला जात नाही.

“साधी असेल तर राहू द्या” हे चरबीच्या लहान, त्रास न देणाऱ्या गाठीबाबत बहुतेकदा बरोबर आहे. पण पॉट्झ-जेगर्स या आनुवंशिक आजारात ओठांवर, तोंडात काळपट ठिपके असतात आणि आतड्यात कोंब वाढतात. मोठा कोंब आतड्याचा एक भाग दुसऱ्यात ओढून नेतो, आतडं अडकतं आणि मध्यरात्री ऑपरेशन करायची वेळ येते. त्यामुळे साधारण 15 ते 20 मिलिमीटरचे कोंब आधीच काढतात. असे ठिपके असलेलं मूल सारखं पोट धरून बसत असेल, तर जंताच्या औषधावर थांबू नका.

राहिलं ‘सरळ पोट उघडा’. स्नायूच्या थरातून वाढणाऱ्या जीआयएसटीसारख्या गाठींना बहुधा शस्त्रक्रियाच लागते, आणि ती साधी गाठ म्हणून सोडायचीही नसते. दुर्बिणीतही धोका आहे, तो लपवू नये. ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची, भिंत पातळ असते. तिला भोक पडू शकतं, काही दिवसांनी रक्तस्राव होऊ शकतो. पित्तनलिकेच्या तोंडावरचा कोंब काढल्यावर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हे काम सरावलेल्या हातांचं आहे, आणि जिथे सर्जन हाताशी असतील तिथेच करून घ्यावं. घरी आल्यावर डांबरासारखी काळी शौच, चक्कर किंवा पोटात असह्य दुखणं सुरू झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : कडा मोकळ्या आहेत का (म्हणजे कापलेल्या कडेला गाठीचा अंश राहिलेला नाही ना), आणि पुढची दुर्बीण कधी?