बॉनेटवरचा डबल टेप आणि थिनरची बाटली

लग्नाची गाडी सजवणाऱ्या डेकोरेटरला एकदा भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता त्याच गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायला लावला पाहिजे. कसला संताप येतोय! नवीकोरी पांढरी गाडी, बॉनेटभर फोमच्या डबल टेपचे तुकडे, त्यावर जरबेरा आणि नेट. वरात संपली, फुलं ओरबाडली, टेप तसाच. दोन-तीन दिवस उन्हात उभी राहून गाडी धुवायला आली तेव्हा फोमचा भुगा झालेला आणि खाली काळपट चिकटा, त्यात धूळ रुतलेली.

आणि धुणाऱ्याने काय करावं? थिनर! सरळ चिंधीवर ओतून घासायला सुरुवात. मागचा फेंडर कधीतरी ठोकून रंगवलेला होता. तिथला रंग मऊ होऊन चिंधीवरच आला. बंपरवर पांढरट डाग. हेडलाइटवर बारीक तडे, कारण ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि थिनर त्याचा वैरी आहे. वर ऐकवतात काय, तर 'पॉलिश मारून देतो साहेब'. तडे पॉलिशने जातात होय?

कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो थिनरचा एखादा फटका सोसतो. म्हणून यांना वाटतं, थिनर चालतो. गॅरेजमध्ये रंगवलेला पत्रा आणि प्लास्टिकचे भाग सोसत नाहीत, एवढं साधं कळू नये?

थिनरने भागलं नाही की हिरवी घासणी. भांड्यांची! रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ, आणि त्या घासणीत चक्क घर्षक कण असतात. गोल गोल घासलेले ते ओरखडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात असे दिसतात की बघवत नाही. काढायचे तर कंपाउंडने, म्हणजे घासून ओरखडे काढायच्या पेस्टने, क्लिअर कोटच आणखी झिजवायचा.

इतका काही अवघड प्रकार नाही हो हा. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या, आधी शांपूने धुळीचा कण न् कण काढा. मग हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून, अर्धा-पाऊण मिनिट. पत्र्यावर हात ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर जास्त झालं, आणि गोंद वितळून पसरतो. गार टेप ओढला तर फोम फाटून गोंद खाली राहतो, म्हणून कोमट असतानाच, टेप मागे दुमडून, सावकाश. जाड फोमखालून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी फिरवा. उरलेला गोंद अंगठ्याने गोळी करून निघतो. राहिला त्यावर केरोसीन किंवा डब्ल्यूडी-40 भिजवलेलं फडकं तीन-चार मिनिटं ठेवा. घासू नका, ठेवा! मग मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसा, प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. नाहीतर तोच गोंद पुन्हा पसरवत बसाल. तेलकटपणा शांपूने काढा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून, आणि वॅक्स. वॅक्स विसरू नका, कारण या सगळ्यात जुनं वॅक्स उतरलेलं असतं. पेट्रोल मुळीच नको. गोंद मऊ होण्याआधी उडून जातं आणि आगीचा धोका वेगळाच.

एवढं करायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोच कुणाला द्यायचा नसतो.

सोसायटीचे ते 'चुकीचे पार्किंग' स्टिकर लावणारे तरी काय वेगळे? कागदी स्टिकर, फाडला की वरचा थर हातात आणि गोंद गाडीवर. काचेवर लावा ना, रंगावर कशाला? 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या तेव्हाही हेच: मागच्या काचेवरून फिल्म आणि गोंद ब्लेडने खरवडणाऱ्यांनी डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, तारा कापून टाकल्या. तार तुटली की तेवढ्या पट्ट्यातलं धुकं जात नाही.

डेकोरेटरला टेपच पाहिजे असंही नाही. रिबन बॉनेटच्या फटीतून आत घेऊन बांधता येते, जाळी दरवाजात अडकवता येते, गुच्छाला सक्शन कप चालतो. फार तर दहा मिनिटं जास्त लागतील. आणि टेप लावलाच, तर वरात उतरल्यावर त्याच रात्री, पत्रा गार व्हायच्या आत, काढायचं काम तुमचं. सजावटीचे पैसे मोजून घेताना ते का आठवत नाही?