जनमतावर पैसे कसे घालवावेत

अमेरिकेत राज्याच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतं. पैसे लावायला लागत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत ताटकळलेल्या मराठी वाचकहो, लोकशाहीत हात धुऊन घ्यायची ही तुमची संधी. मात्र त्यासाठी लास वेगसला जाऊ नका. नेवाडाच्या नियमांत तिथल्या बुकींना निवडणुकीवर पैज घेता येत नाही. जुगाराच्या राजधानीला जे झेपत नाही ते तुम्ही फोनवर करा, कारण फोनवर तो वायदेबाजार ठरतो आणि सोयाबीन-कच्च्या तेलाच्या वायद्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या कक्षेत येतो. त्या आयोगाने निवडणुकीचे वायदे अडवून पाहिले. २०२४ च्या सप्टेंबरात कल्शी ही असे वायदे विकणारी कंपनी कोर्टात जिंकली आणि दुकान उघडलं.

भाव वाचताना आपले संस्कार सोडू नका. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्ट्यात ज्याचा भाव कमी तो भक्कम: ४० पैसे म्हणजे निवांत, दोन रुपये म्हणजे लंगडा घोडा. इथे उलटं आहे. काँट्रॅक्ट जिंकलं की एक डॉलर, हरलं की शून्य, म्हणून ८० सेंट म्हणजे बाजाराच्या मते ऐंशी टक्के शक्यता. तरीही १२ सेंटांचा उमेदवार दिसला की ‘हा तर पक्का’ म्हणून भरभरून उचला. समोर विकणाऱ्यालाही घर चालवायचं असतं.

उमेदवारांत रमण्यापेक्षा प्रस्तावांवर लावा. राज्याच्या घटनेत दुरुस्ती करायची की नाही, हे तिथल्या बहुतेक राज्यांत लोक थेट मत देऊन ठरवतात. मजकूर लांबलचक असतो, म्हणून वाचू नका. नुसतं नाव बघा. उदाहरणार्थ ओहायोचा ‘इश्यू १’. ऑगस्ट २०२३ मध्ये तो घटनादुरुस्ती अवघड करण्यासाठी होता, पडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो गर्भपाताच्या हक्कासाठी होता, झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मतदारसंघांच्या आखणीबद्दल होता, पुन्हा पडला. पंधरा महिन्यांत तीन इश्यू १, आणि पहिल्याला ‘नको’ म्हणणारे बरेचसे दुसऱ्याला ‘हो’ म्हणणारेच. मागच्या इश्यू १ चे आकडे काढून त्यावरून पुढच्याचा भाव ठरवलात, तर तुमचा अभ्यास पूर्ण झाला.

‘हो’ म्हणजे बदल, ‘नाही’ म्हणजे जैसे थे, हेही घट्ट धरून ठेवा. कॅलिफोर्नियात २०२२ ला प्रस्ताव ३१ होता. फ्लेवरवाल्या तंबाखूवरची बंदी विधिमंडळाने आधीच मंजूर केलेली, ती टिकवायची तर ‘हो’. वर्षभर आधी गव्हर्नर न्यूसम यांना परत बोलावण्याचं मतदान झालं, तिथे त्यांना ठेवायचं तर ‘नाही’. असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरलात तर पैसे लावायला वेळ कधी मिळणार?

आता खरी मेजवानी फ्लोरिडाची. तिथे घटनादुरुस्तीला साठ टक्के मतं लागतात. २०२४ मध्ये गर्भपाताच्या दुरुस्तीला सुमारे ५७ आणि गांजाच्या दुरुस्तीला सुमारे ५६ टक्के मिळाली. दोन्ही बहुमताने जिंकल्या आणि दोन्ही पडल्या. (साठाची ही अट २००६ मध्ये ज्या दुरुस्तीने आली, तिला स्वतःला ५८ टक्केही मिळाले नव्हते. तेव्हा पन्नास पुरत होते.) म्हणून सर्व्हेत ‘५८ टक्के बाजूने’ असं दिसलं की डोळे मिटून ‘हो’ घ्या. सर्व्हेत ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारे सात-आठ टक्के असतील तर तेही आपल्याच पारड्यात टाका. ऐन वेळी असे लोक बहुधा ‘नको’कडे झुकतात, पण ते झाले इतर राज्यांतले इतर लोक.

खरेदी करताना लिमिट ऑर्डर लावणं, म्हणजे ‘याहून महाग घेणार नाही’ असं सांगणं, भेकडपणाचं आहे. पडद्यावर ५५ सेंट दिसतात ना? मार्केट ऑर्डर टाका, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्या, ४४० नगांची. राज्याच्या प्रस्तावावर गिऱ्हाईक विरळ. समजा ५५ ला चाळीसच नग विकायला आहेत, पुढचे शंभर ५८ ला आणि उरलेले तीनशे ६६ ला. तुमची सरासरी पडली ६३. पडद्यावर मात्र शेवटचा सौदा ६६ चा, म्हणजे एका मिनिटात भाव अकरा सेंटांनी उसळला. त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका: ‘आतल्या लोकांना काहीतरी कळलंय.’ आणि या नव्या माहितीच्या जोरावर आणखी घ्या.

सर्व्हेंची चूक नेहमी एकाच बाजूला होते, असं धरून चाला. न्यू जर्सीत २०२१ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत सर्व्हे मर्फी यांना आरामात पुढे दाखवत होते. जिंकले जेमतेम तीन टक्क्यांनी. त्याच निवडणुकीत राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष एका ट्रकचालकाकडून हरले. त्यावरून धडा घेऊन २०२५ ला चुरस होणार म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या ज्यांनी चियाटारेली यांच्यावर लावले असतील, त्यांना प्रतिस्पर्धी शेरिल तेरा टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकताना बघायला मिळाल्या. याला अनुभवातून शिकणं म्हणतात.

निकालाच्या रात्री कॅलिफोर्नियाचा पहिला आकडा आला की लगेच विका किंवा दुप्पट करा, मधलं काही नको. तिथे मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का असलेली पाकिटं पुढे सात दिवस आली तरी धरतात आणि मोजणी आठवडे चालते. पैसे कशावर मिळतात, वृत्तसंस्थेने जाहीर केल्यावर, निकाल प्रमाणित झाल्यावर की शपथविधीला, हे नियमांच्या तळाशी लिहिलेलं असतं. तळाशी लिहितात ते कुणी वाचू नये म्हणूनच.

एवढं करूनही पैसे उरलेच, तर खात्रीचा माल घ्या. सप्टेंबरात ९४ सेंटांचे शंभर नग, खर्च ९४ डॉलर. जिंकलात तर सहा डॉलर नफा, कोणी नाही म्हणणार नाही. प्रेडिक्टइट या अशाच दुसऱ्या बाजारात वर्षानुवर्षे नफ्यातले दहा टक्के कापत, म्हणजे साठ सेंट. उरलेले ९९.४० काढताना पाच टक्के पुन्हा, म्हणजे ४.९७. हातात ९४.४३. दोन महिने अडकवलेल्या ९४ डॉलरवर ४३ सेंट, तेही प्रस्ताव कोर्टात लटकला नाही तर. हे ४३ सेंट कराच्या विवरणात दाखवायचे असतात.