साबुदाण्याच्या गोळ्या आणि पाळीची कळ

आमच्या जळगाव-धुळ्याकडे पाळीत पोट दुखतंय म्हटलं की उत्तरं ठरलेली. आजी ओवा चावायला देते, मैत्रीण मेफ्टालची पट्टी पुढे करते आणि एखादी वहिनी हमखास सांगते, "होमिओपॅथी घे गं, साइड इफेक्ट नाही." मला या वहिनीशी बोलायचंय.

होमिओपॅथीवाल्यांचं एक मला मनापासून आवडतं. ते विचारतात. पोट दाबून वाकल्यावर बरं वाटतं का? मग कोलोसिंथ नावाची गोळी. शेकल्यावर? मॅग फॉस. चिडचिड फार होते? कॅमोमिला. रडू येतं? पल्सेटिला. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला तिच्या दुखण्याबद्दल इतकं कुणी जन्मात विचारलेलं नसतं. (सासूचं तर नावच नको.) त्या विचारपुशीनंच तिला हलकं वाटत असेल, तर मला नवल नाही.

पण गोळीचं काय? डबीवरचं ३० सी म्हणजे औषध शंभर पट पातळ करायचं, तेही लागोपाठ ३० वेळा. बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ औषधाचा एक रेणूही उरायची मारामार होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की होमिओपॅथी कुठल्याही आजारावर गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

कळ येते ती प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनामुळे, त्यानं गर्भाशय आवळतं. मेफ्टालमधलं मेफेनॅमिक अॅसिड हे प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं, म्हणून कळ सुरू होताच, पोटात काहीतरी घालून घेतलं तर उपयोग होतो. अल्सर, किडनी, दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं याच औषधाच्या एका दुर्मीळ पण गंभीर रिअॅक्शनबद्दल सावध केलं, तेव्हा वहिनीनं तो मेसेज फॅमिली ग्रुपवर दोनदा टाकला. पुरळ, ताप आला तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं, हे खरंच आहे. शेकही कामाचा, फक्त मे महिन्यात आमच्याकडे ४४ अंशांत गरम पाण्याची पिशवी पोटावर घ्यायला छाती लागते.

माझा राग गोळ्यांवर नाहीच, त्यांच्यापायी वाया जाणाऱ्या वर्षांवर आहे. दर महिन्याला वाढत जाणारी कळ, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला होताना दुखणं, ही लक्षणं एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, असू शकतात. माझ्या मामेबहिणीला हे सगळं होतं. घरात मात्र "लग्न झालं की थांबेल" आणि गोळ्यांची नवी डबी. लग्नानंतर दिवस राहीनात म्हणून सोनोग्राफी केली, तर अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे याच आजारानं झालेली, जुन्या रक्तानं भरलेली गाठ.

आता तिची ट्रीटमेंट चालू आहे. मामी अजून म्हणते, गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडला म्हणून असं झालं.