कार्ड नवीन, कापूस जुना

भो, पीसी जुना आहे म्हणून गेम अडकतो हे माणूस समजू शकतो. पण तीस हजाराच्या आसपास मोजून नवीन ग्राफिक कार्ड टाकायचं आणि गेम आधीपेक्षा हळू चालायचा, हे दुःख कोणाला सांगायची पण सोय नाही. सांगितलं की समोरचा आधी किंमत विचारतो, मग आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग "एवढ्यात सेकंडहँड बाइक आली असती" हे येतंच. पारोळ्यापासून अमळनेरपर्यंत मला असा एक माणूस भेटला नाही ज्याने बाइक काढली नाही.

साल २०२३, महिना मे. पारा ४४ च्या आसपास, दुपारी गल्लीत कुत्रं पण दिसत नाही. सेतू केंद्रावर लोकांचे फॉर्म भरून भरून साठवलेल्या पैशातून मी जुनं १०५० टीआय कार्ड काढून आरटीएक्स ३०६० बसवलं, बारा जीबीवालं. जीटीए फाइव्ह लावला, पीसीवर २०१५ ला आलेला गेम, म्हणजे या कार्डासाठी पोरखेळच. सुरुवातीला एकदम मक्खन, सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम, मी मनातल्या मनात मित्रांना व्हिडीओ पण पाठवून झालो आणि मग एका चौकात गाडी वळवली तर गाडी वळेच ना, म्हणजे वळली, पण हप्त्याहप्त्याने वळली. फ्रेम वीस-बावीस. मागून पोलीस येतायत, ते पण हप्त्याने येतायत, त्यामुळे कोणीच कोणाला पकडेना.

आता सल्ले सुरू. मामाचा पोरगा पुण्यात असतो, त्याच्या मते जगातला प्रत्येक आजार ड्रायव्हरमुळे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे होतो. त्याने सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळासकट उपटून नवीन टाकायला लावला. टाकला. तेच. मग म्हणे विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेव. ठेवला, तर आणखी लवकर अडकायला लागला (याचं कारण पुढे कळालं, तेव्हा त्या पोराला फोन करून शिव्या द्याव्यात असं वाटलं, पण लग्नसराई होती, घरात भांडण नको). जळगावच्या एका दुकानदाराने फोनवरच निदान केलं, पीसीचा पॉवर सप्लाय ४५० वॅटचा आहे ना, मग या कार्डाला कंपनीच ५५० सांगते. हे खरंय, कंपनी ५५० सांगते. म्हणून तो पण घेतला. फ्रेम वीस-बावीस. गावातल्या वायरमनचं मत पडलं की शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, त्यामुळे होतंय, स्टॅबिलायझर बसव. आता व्होल्टेज पडतं हे आम्हाला पण माहितीय, पंखा सांगतो ना, पण चांगला सप्लाय व्होल्टेज कमीजास्त झालं तरी आत कार्डाला बरोबर बारा व्होल्टच देतो, हे वायरमनला कोण समजवणार, तो तेव्हा आमच्याकडे पन्हं पीत बसलेला.

आता खोलीचं सांगायला पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. माझा पीसी मागच्या खोलीत, आणि त्याच खोलीत छतापर्यंत कापूस. २०२२ ला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, तो आकडा अख्ख्या खानदेशाच्या डोक्यात असा बसला की पुढच्या हंगामात भाव सात-आठ हजाराच्या आसपास घुटमळत असताना लोकांनी कापूस विकलाच नाही, घरात भरून ठेवला. आमच्या आप्पांनी पण. डिसेंबरात म्हणाले संक्रांतीला वाढेल, संक्रांतीला म्हणाले होळीला, होळीला म्हणाले आखाजीला. आखाजी पण गेली. त्या कापसातून बारीक किडे निघून अंगाला खाज सुटते, हे ज्याच्या घरात कापूस राहिलाय त्यालाच कळेल. मी एका हाताने माऊस आणि दुसऱ्याने मान खाजवत गेम खेळायचो.

शेवटी निदान केलं मायनं. ती झाडू मारता मारता कॅबिनेटच्या मागे गेली आणि हात मागे घेऊन म्हणाली, "याना मांगून भलती धग येस रे." पुण्याला जे कळालं नाही ते झाडूला कळालं. मग मी आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकून गेममध्येच कार्डाचे आणि प्रोसेसरचे आकडे लावले आणि बघत बसलो. कार्ड ३५-४० टक्क्यांवर आरामात. आणि प्रोसेसर, आय फाइव्ह १०४००, थेट शंभर डिग्रीवर. शंभर ही त्याची हद्द, तिथे पोचला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग स्वतः कमी करतो, एरवी सगळे कोअर चालू असताना चार गिगाहर्ट्झने पळणारा दोनच्या खाली आला होता. हाय परफॉर्मन्सने त्याला आणखी पळवून आणखी लवकर तापवलं होतं. कार्ड बिचारं तयार बसलेलं, पण त्याला पुढची फ्रेम काढायचं काम सांगणाराच धापा टाकतोय. आणि धापा का, तर जुनं कार्ड ७५ वॅट खायचं, हे जोरात असलं की १७० वॅट खातं, ती सगळी धग त्याच काचेच्या बंद डब्यात, आणि प्रोसेसरचा पंखा तीच गरम हवा ओढून प्रोसेसरवर मारतोय. म्हणजे नवीन कार्डानेच प्रोसेसरला आडवा केला. त्यात पंख्याने खोलीतल्या हवेपेक्षा थंड तर काही होत नाही, खोली पंचवीसवर असो की चव्वेचाळीसवर, त्याच्या वरच सगळं चढतं. हे व्हिडीओ बनवणारे लोक एसीत बसून टेस्ट करतात, त्यांना एकदा मे महिन्यात पारोळ्याला आणा.

कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरचा पंखा काढला तर पंखा आणि खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे कापसाचा एक गोल थर, एकसारखा, दाबून बसलेला, नखाने कडेला उचलला तर अख्खाच्या अख्खा निघून हातात आला. खाली पात्या एकदम चकचकीत, धूळ सगळी वरच अडलेली. माय म्हणाली यात दोन-चार वाती होतील. आप्पांनी तो हातात घेऊन अंगठ्याने धागा ओढून पाहिला आणि म्हणाले, "धागा लांब शे."

साफ केलं, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, काच काढून टेबलफॅन लावला. शंभर डिग्रीचं अठ्ठ्याऐंशी झालं. दुपारी परत शंभर. आता एकच उपाय राहिला, कूलर. समोरच्या खोलीत आमचा पत्र्याचा मोठा कूलर आहे, इकडची हवा कोरडी म्हणून तो असा गारवा देतो की दुपारी चादर लागते. मी आप्पांना म्हटलं, दोन तास मागे घेऊ का.

"कूलर अठे नई लावाना. कापूस ओला व्हई जाई."

आता यावर काय बोलणार. बरोबरच आहे त्यांचं, कूलरची हवा दमट असते, आणि ओल लागलेल्या कापसाला व्यापारी हात लावला की लगेच भाव पाडतो. म्हणजे कापूस जोपर्यंत खोलीत तोपर्यंत कूलर नाही, आणि भाव जोपर्यंत दहा हजार नाही तोपर्यंत कापूस खोलीत. माझ्या फ्रेम आता कापसाच्या बाजारावर अवलंबून होत्या. मी आयुष्यात कधी बाजारभाव बघितला नव्हता, पण त्या दिवसांत आप्पांच्या आधी मीच पेपर उघडायचो, आणि आप्पांना वाटायला लागलं की पोरगा शेतीत लक्ष घालतोय.

तोपर्यंत काम भागवायला आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वॅट खायची हद्द, ७० टक्क्यांवर आणली आणि फ्रेम ६० ला बांधून टाकल्या, तसाही माझा मॉनिटर ६० हर्ट्झचाच, सेकंदाला साठाच्या वर दाखवतच नाही. धग कमी झाली आणि खरं सांगतो, गेम नीट चालायला लागला. पण शंभर फ्रेमचं कार्ड घेऊन त्याला ब्रेक लावून चालवायचं म्हणजे मनाला लागतं.

जूनच्या सुरुवातीला पाऊस येईल या भीतीने आप्पा शेवटी तयार झाले. व्यापारी आला, कापसात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढून दाबला आणि खूश होऊन म्हणाला, "आप्पा, माल एकदम कोरडा शे." आप्पांनी माझ्याकडे बघितलं, बघ, कूलर लावला नाही ते किती बरं. मग वजनकाटा लागला. गठडी चढत गेली, आप्पा बोटांवर मोजत गेले, आणि शेवटचा आकडा निघाला तो त्यांच्या अंदाजापेक्षा बराच खाली. व्यापारी म्हणाला, कोरड्या मालाला तूट येतेच, पाणी उडालं की वजन उडतं.

आप्पा सावकाश कॅबिनेटकडे वळले.

"तुन्हा डबडानी मन्हा कापूस सुकाडी टाका!"

मी म्हटलं आप्पा, पाच-सहा महिने घरात पडून होता, वरून पत्रा, बाहेर चव्वेचाळीस, त्यात माझे १७० वॅट म्हणजे काय हो, ते पण आता ७० टक्क्यांवर. पण त्यांनी तोवर खिशातून पेन काढून व्यापाऱ्याच्याच पावतीमागे तुटीला भावाने गुणायला घेतलं होतं आणि मायला विचारत होते, सेतूवाल्याकडून याचा पगार कोणत्या तारखेला होतो.