खाडा

आज ऑफिसात मासिक पाळीच्या रजेची घोषणा झाली. महिन्याला एक दिवस, भरपगारी, कारण विचारायचं नाही. केक कापला, कोल्ड्रिंकचे गार कॅन वाटले. मीही टाळ्या वाजवल्या, रजा हवीच होती. पण कॅन हातात आला आणि आमच्या रानातली ती बाई आठवली. घोट काही उतरेना.

मी आठवीत होते. वाळवा तालुका, आमचा दीड एकर ऊस, बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी उतरलेली. साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेली एक बाई रोज कळशी घेऊन दारात यायची. एकदा पाणी भरून झालं तरी हलेना. आईला हळूच म्हणाली, "वैनी, जुनं लुगडं आसंल तर द्या की." आईच्या लक्षात आलं. तिनं धडुतं दिलं आणि म्हणाली, "आज तरी बस गं बाई."

"बसल्यावर खाडा पडतो."

शहरातल्या मित्रमंडळींसाठी सांगते. खाडा म्हणजे कामाला दांडी. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर मुकादम दंड लावतो, आणि तो उचलीत चढतो. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेला पैसा, ऊस तोडून फेडायचा. हिशेब माणशी नाही, कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा. म्हणजे ती बाई अर्धा कोयता. मोळ्या मात्र अख्ख्या वाहायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायची.

रजा कुणी द्यायची तिला? कोल्ड्रिंकची कंपनी म्हणते आम्ही साखर घेतो, ऊस तोडत नाही. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे, आणि नवरा स्वतःच उचलीत गळ्यापर्यंत. साखर मात्र बरोबर पोचते हं! एका पोत्याचा पत्ता चुकत नाही.

२०१९ मध्ये सरकारच्याच समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहातली एक! कोका-कोला आणि पेप्सीची साखर याच महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून जाते, हे न्यूयॉर्क टाइम्सनं मार्च २०२४ मध्ये छापलं, तेव्हा कुठे जगाला जाग आली. आपल्याला तर आधीपासून माहीत होतं ना? दर दिवाळीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसं जाताना कुणी पाहिली नाहीत?

आता कुणीतरी लिहीलच, टोळ्या शेतकऱ्यालाही नाडतात, खुशाली म्हणजे मजुरीवर वरचे पैसे मागतात. मागतात. माझ्या बापानंही दिलीय, शिव्या घालत. तोडणीचा दर वाढला हेही खरं, संप करून २०२४ च्या सुरुवातीला टनाला ३६६ रुपये झाला. दोघांत मिळून. टनभर ऊस तोडून, सोलून, बांधून, भरून बघा एकदा, मग बोलू.

दुसऱ्या वर्षी तीच टोळी आली. आईनं आपण होऊन घडी करून ठेवलेलं धडुतं पुढं केलं. ती हसली. म्हणाली, "आता नगं वैनी. पिशवी काढून टाकली. कटकट गेली." वय असेल पंचवीस-सव्वीस. दोन लेकरं ट्रॉलीखाली सावलीला बसलेली. मला तेव्हा पिशवी म्हणजे बाजाराची पिशवी वाटली होती.

ऑपरेशनसाठी पैसे कुठून आणले असतील? उचलीतूनच. म्हणजे खाडा पडू नये म्हणून काढलेली पिशवी पुढचे दोन हंगाम ऊस तोडून फेडायची.

मघाशी फार तावातावानं लिहायला बसले होते. कंपनीला मेल करणार होते, तुमच्या कॅनमधली साखर कुठली ते सांगा म्हणून. करणारही आहे. पण त्याआधी आईला फोन केला, त्या बाईचं नाव आठवतं का विचारायला. आईला आठवेना. "दोन वर्षं पाणी नेलं गं तिनं," एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, आई, या कंपन्यांना धरून विचारलं पाहिजे, कुणाच्या जिवावर साखर खाता म्हणून.

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, ऊस आपलाच होता की."