पीडीएफवर सही करायचीये? आधी चप्पल घाला

कॉम्प्युटरवर आलेल्या कागदावर सही कशी करायची हे मला महिन्यातून चार जण तरी विचारतात, कारण मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे असा आमच्या बिल्डिंगचा समज आहे. तर पहिली स्टेप, चप्पल घाला. पीडीएफ मेलवर आलीये, स्क्रीनवर दिसतेय, परत मेलनेच जाणारे, सगळं खरं, पण मधे तिला स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं दर्शन घडायला हवं, त्याशिवाय सही लागत नाही.

झेरॉक्सवाला म्हणेल व्हॉट्सॲप करा. करा. तुमचं ऑफर लेटर त्याच्या डेस्कटॉपवर कुणाच्यातरी दहावीच्या मार्कशीटच्या आणि कुणाच्यातरी पॅनकार्डाच्या मधे कायमचं राहायला जाईल, भाडं नाही, डिपॉझिट नाही, मुंबईत स्टेशनच्या इतक्या जवळ अशी जागा मिळते कुणाला? सही फक्त शेवटच्या पानावर लागते पण अकराही पानं काढा. पेन निळंच घ्या, काळ्या शाईची सही झेरॉक्स वाटते असं काउंटरवरची माणसं सांगतात. (बँक भरतीचा फॉर्म असेल तर मात्र काळंच पेन, आणि सही १० ते २० केबीत बसणारी. दोन्ही पेनं खिशात ठेवा.) मग स्कॅन. स्कॅन जरासा तिरका हवा, कोपऱ्यात दुकानातल्या पोराचा अंगठा दिसत असेल तर उत्तमच. फाइल होईल १४ एमबीची आणि साइट घेणार २०० केबी, मग ती दाबा, दाबत राहा, सहीचा चिरडलेला डास झाला की अपलोड होते.

इतकं चालायचं नसेल तर माऊसने करा. वीस वर्षं डोळे मिटून केलेली सही माऊस हातात आला की थेट बालवाडीत जाऊन बसते. फोनवर बोटाने त्यातल्या त्यात बरी येते, फक्त ती लोकलमध्ये करू नका. मी केली. सकाळची गाडी, दारात उभा, एका हाताने दांडा धरलेला, आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडीने रूळ बदलला तशी माझ्या आडनावाची शेवटची रेघ जी सुटली ती थेट अटी-शर्तींच्या कलमात घुसली. घाई होती, सबमिट करून टाकलं. आता ऑफिसच्या रेकॉर्डला तीच माझी सही. दोन वर्षांनी एका फॉर्मवर पेनाने नीट सही केली तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, मॅच होत नाहीये." तेव्हापासून मी तो कुर्ल्याचा धक्का हाताने मारायला शिकलोय, जुन्या वहीत पानं भरून, आणि आता इतका जमतो की चेकवर पण आपोआप येतो, आणि चेक परत येतो.

काही लोक म्हणतील की पांढऱ्या कागदावर एकदा सही करा, उजेडात फोटो काढा, बॅकग्राउंड उडवून पीएनजी करून ठेवा आणि पाहिजे तिथे चिकटवा. अडोबीच्या फुकटच्या रीडरमध्ये 'फिल अँड साइन' आहे, मॅकवाल्यांना तर प्रिव्ह्यूमध्ये कागद कॅमेऱ्यासमोर धरला तरी सही उचलून मिळते, दोन मिनिटांचं काम. अशांचं ऐकू नका. तुम्ही जेपीजीच वापरा, म्हणजे सहीभोवती पांढरा चौकोन येतो आणि खालचं 'अधिकृत स्वाक्षरी' हे छापलेलं अर्धं झाकलं जातं, बँडेज लावल्यासारखं. आणि फाइलला 'माझी सही फायनल नवी' असं नाव देऊन ती फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा, वेळेला सगळ्यांच्या उपयोगी पडते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठेवलीये. मागच्या गणपतीत ते कोकणात होते, गावात रेंज नाही, तरी त्यांनी त्या आठवड्यात इथे पाच एनओसी दिल्या, आणि त्यातली एक स्वतःच्याच शेजाऱ्याच्या त्या ग्रिलला, ज्याच्याविरुद्ध ते तीन वर्षं भांडतायत. परत आल्यावर त्यांनी सही बघितली, चष्मा पुसून परत बघितली, आणि म्हणाले, "सही तर माझीच आहे." आता काय करता!

राहिली खरी डिजिटल सही. तिच्यापासून लांबच राहा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, म्हणजे डिजिटल सहीला मान्यता मिळाली तेव्हा जन्मलेली पोरं आज नोकरीला लागून 'प्रिंट काढून सही करून पाठवा' असे मेल आपल्याला पाठवतायत. यात चित्र चिकटवायचं नसतं. अख्ख्या फाइलचं गणित करून एक छोटा आकडा काढतात, तो तुमच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद करतात आणि फाइलला जोडतात, नंतर कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला तरी गणित जुळत नाही आणि फाइल स्वतःच बोंब मारते. आधारच्या ओटीपीवर ई-साइन होतं, नाहीतर ती किल्ली आत ठेवलेलं, पेनड्राइव्हसारखं यूएसबी टोकन मिळतं. टोकन घेतलंत तर ते लगेच सीएच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवा, वर स्टिकर लावून त्यावर पासवर्ड लिहा, म्हणजे गुप्त किल्लीचं जे काय गुप्त ते एका रबरबँडात नीट बांधलेलं राहतं.

आणि समजा कुणी तुम्हाला अशी खरी सही केलेला कागद पाठवलाच तर कपाळाला आठ्या घालून विचारा, "यात सही कुठाय?" कारण वेलांटी नाही, फराटा नाही, नुसतं नाव, तारीख, वेळ. ई-आधारच्या पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की घाबरून जा. ते एवढंच म्हणत असतं की या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवू का, एकदा सांगा, आणि राइट क्लिक करून सांगितलं की हिरवी टिक येते, पण राइट क्लिक करायला चप्पल लागत नाही, म्हणून ते खरं वाटत नाही. डिजिटल सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यावर सही-शिक्क्याची गरज नाही असं छापलेलंही असतं, तो प्रिंट करा आणि गावी जाऊन त्यावर शिक्का मारून आणा. प्रिंट काढली की डिजिटल सहीचा जीव जातो ही गोष्ट कुणाला सांगू नका.

आपल्याकडे हे सगळं फॉरेनचं फॅड म्हणायची पद्धत आहे. शिवाजी महाराजांची पत्रं बघा, मजकूर लेखनिकाच्या अक्षरात, वर मुद्रा, आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, म्हणजे इथे पत्राची हद्द संपली, पुढे कुणी चार ओळी घुसडल्या तर त्या पत्रातल्या नाहीत. शिक्कामोर्तब म्हणतात ते हेच. डिजिटल सही पण नेमकी हीच राखण करते, पण आपण मोर्तब विसरलो आणि फराटा तेवढा धरून ठेवला. मृत्युपत्राला मात्र अजूनही कागद, पेन आणि दोन साक्षीदारच लागतात, तिथे ई-साइन चालत नाही, तेव्हा ते निळं पेन शेवटपर्यंत जपा.

परवा आजोबांच्या खोलीचं लीव्ह अँड लायसन्स केलं, अकरा महिन्यांचं. आजोबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर होते, पगाराच्या रजिस्टरवर अंगठा लावायची लाज वाटायची म्हणून रात्रशाळेत जाऊन सही शिकलेले, आजही सही करताना जीभ ओठात धरतात. एजंट घरी आला, लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला पेन. मशीन अंगठा घेईना, सुताने घासून गेलेला. एजंट म्हणाला केसांवरून फिरवा, केस कुठायत, मग माझ्या केसांवरून फिरवला. चौथ्या वेळी आजोबांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही करून देऊ का रे?"

"सहीचं काही काम नाही आजोबा, ऑनलाइन आहे," एजंट म्हणाला. "जरा दाबून धरा अंगठा."