लाईन गेली की न्यूयॉर्क गेलं

गावात बसून न्यूयॉर्कच्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगा करायच्या. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे सरकलं की मार्चपर्यंत साडेसात. आणि नेमका तेव्हाच डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो! मे महिन्यात वावधन सुटलं की लाईन गेलीच समजा.

"इन्व्हर्टर घ्या ना भाऊ!" अहो, साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोन-तीन मिनिटं मीटिंगमधून गायब. राउटरला बहुतेक वेळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (खंड न पडू देणारी छोटी बॅटरी) लागतो, अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घेतलेला. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही द्या, तिथंच सगळे फसतात.

एवढं करूनही फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल. म्हणजे तारेतून उजेडच येत नाही. नाली खोदताना जेसीबीनं कुठंतरी केबल तोडली. कस्टमर केअर मात्र म्हणतं, राउटर बंद करून चालू करा. अरे, त्यानं तुटलेली काचेची तार जुळते का? जोडणारा माणूस तालुक्याहून येणार, उद्या. तोवर गच्चीवर मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही टॉवरची बॅटरी उतरेपर्यंत.